मास्कचा पट्टा किती आवळायचा?

झोपेत श्वास अडकण्याच्या विकारावर (स्लीप ॲप्निया) सीपॅप (घसा मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र) वापरतात. मास्कच्या कडेने हवा सुटली की बहुतेक जण पट्टे आवळतात. त्याने गळती अनेकदा वाढतेच, शिवाय नाकाच्या हाडावर वळ उठतो तो वेगळाच. मास्कची मऊ सिलिकॉनची कड आतल्या हवेने फुगून त्वचेवर बसते. कुकरची रिंग वाफेच्या दाबाने बसते, तशी. पट्टे फार आवळले की मास्कची कड चुरगळते. म्हणून यंत्र सुरू करून, नेहमीसारखे आडवे होऊन, मास्क किंचित उचलून पुन्हा टेकवावा. मगच पट्टे जुळवावेत. चेहरा आधी धुतलेला बरा, तेलकटपणाने कड घसरते. दाढीचे खुंटही नडतात. मास्कवरच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा मात्र गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो. ती छिद्रे बुजवू नयेत.