महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी सुरू करताना

ईद जवळ आली, घरात निकाह ठरला किंवा आखातात असलेला मुलगा सुट्टीवर यायचा झाला, की अंगणात कापडाखाली झाकून ठेवलेल्या गाडीची आठवण होते. चावी शोधली जाते, घरातला एखादा तरुण उत्साहाने सेल्फ मारतो. इंजिन बोलले की सगळ्यांना हायसे वाटते. आमचे सांगणे एवढेच, की खरी काळजी तिथून पुढे घ्यायची असते. न सुरू होणारी गाडी जागची हलत नाही, ती कुणाला इजा करत नाही. सुरू झालेली पण वेळेवर न थांबणारी गाडी मात्र जीव घेऊ शकते.

थंड मुलखात हौशी लोक आपली स्पोर्ट्स कार हिवाळाभर गॅरेजमध्ये ठेवतात. बर्फ आणि रस्त्यावर टाकलेले मीठ यांपासून ती वाचावी, हा हेतू. ऋतू बदलला की नीट तपासूनच ती बाहेर काढतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात बर्फ नाही, पण गाड्या इथेही उभ्या राहतात. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा एमएच-३९ क्रमांकाच्या कितीतरी गाड्या दारात उभ्या राहिल्या. एरवीही चालवणारा परगावी असतो, हजला गेलेला असतो, आजारी असतो. गाडी साधी असो की लाखमोलाची, उभे राहण्याचे परिणाम सारखेच. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लगेच पावसाळ्याची ओल येते.

चावी लावण्याआधी

आधी बॉनेट उघडा. उबदार आणि आडोशाची जागा म्हणून उंदीर तिथे घर करतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागू शकते. कागदाचे तुकडे, काडीकचरा, लेंड्या दिसल्या तर सेल्फ मारू नका, मिस्त्रीला बोलवा. पावसाळ्यानंतर सापही आडोसा धरतो, म्हणून अंधारात हात घालू नका, टॉर्च घ्या.

मग गाडीखालची जमीन पाहा. तेलाचा ओला डाग असेल तर गळती कुठून आहे ते कळले पाहिजे. इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी तपासा. टायरमधली हवा हळूहळू उतरते. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायरच्या बाजूला भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही चांगली असली तरी तो टायर लांबच्या प्रवासाला नेऊ नये.

बॅटरी आणि पेट्रोल

चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी झालेली असते. ती काढून चार्ज करून आणणे उत्तम. दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचाच असेल, तर क्रम पाळा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्या तोंडाशी ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. टाकीत थोडेच जुने पेट्रोल उरले असेल, तर ताजे भरून घ्या. वर्षभर पडून असलेले असेल, तर काढून टाकणेच बरे.

शटर बंद ठेवून इंजिन नको

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. बंद जागेत तो माणसाला बेशुद्ध करतो आणि जीवही घेतो. गाडी शक्यतो ढकलून उघड्यावर आणा, मगच सुरू करा. मुलांना आत बसवू नका.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. इंजिन सुरू होताच ॲक्सिलरेटर दाबू नका, कारण खाली उतरलेले ऑइल वर पोचायला वेळ लागतो. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर लगेच इंजिन बंद करा.

ब्रेकची परीक्षा मैदानात

उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंज चढतो आणि हँडब्रेक अडकून बसतो. ब्रेक ऑइलही ओलावा धरते. मग घाटात ब्रेक तापले, की त्या पाण्याची वाफ होते आणि पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे. पहिला ब्रेक मोकळ्या मैदानात, अगदी सावकाश गाडीत लावून पाहा. पॅडल मऊ वाटले, गाडी एका बाजूला ओढली गेली किंवा खरखर थांबली नाही, तर घरच्यांना घेऊन निघू नका. तोरणमाळचा घाट किंवा कोंडाईबारी ही ब्रेक तपासण्याची जागा नव्हे.

निघण्यापूर्वी विमा आणि पीयूसीची तारीखही पाहा. विमा संपला असेल आणि अपघात झाला, तर जखमी माणसाची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. कुटुंब कर्जात बुडायला तेवढे पुरते.

घरी राहणाऱ्यांसाठी

परदेशातून फोन येतो, “आठवड्यातून एकदा दोन मिनिटे सुरू करून ठेवा.” याने फायदा कमी, तोटा जास्त. सेल्फने खाल्लेला करंट दोन मिनिटांत भरून निघत नाही आणि थंड इंजिनात पाणी साठते. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी कुणा जाणत्याने अर्धा तास चालवून आणावी. ते शक्य नसेल तर बॅटरीची उणे वायर काढून ठेवावी. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. घरात अम्मी, बहिणी किंवा सून असतील, तर या गोष्टी त्यांनाही दाखवून जा. चावी ज्यांच्या हाती आहे, त्यांना गाडीची माहितीही असायला हवी.