मालवाहतुकीची साखळी आणि तिची राखण

नाशिक जिल्ह्यातील एखाद्या बागेत सकाळी खुडलेली द्राक्षे परदेशातील बाजारपेठेत पोहोचेपर्यंत किती हातांतून जातात, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. बागेतून पॅकहाऊस, तेथून शीत कंटेनर, मालमोटार, न्हावा-शेवा बंदर, जहाज आणि अखेरीस परक्या देशातील बंदर व दुकान असा हा प्रवास आहे. शेतकरी, हमाल, चालक, गोदामपाल, सीमाशुल्क अधिकारी आणि खलाशी यांची एकमेकांशी ओळखही नसते. तरीही ही साखळी अखंड चालते, ती एका विश्वासावर. कागदावर जे लिहिले आहे तेच पेटीत आहे, हा तो विश्वास होय. दहशतवादी नेमका याच विश्वासाचा गैरफायदा घेऊ पाहतात.

१९९३ चा धडा

महाराष्ट्राने याची फार मोठी किंमत मोजली आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या मालिकेत २५७ जणांचा बळी गेला. या कटासाठी लागणारी स्फोटके व शस्त्रास्त्रे त्याच वर्षी जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरविण्यात आली होती. तेथून ती नेहमीच्या रस्त्यांनी, नेहमीसारख्या दिसणाऱ्या वाहनांतून पुढे नेण्यात आली. जानेवारीतील एका रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ही वाहने अडविली होती. परंतु लाचेचा सौदा होऊन ती सोडून देण्यात आली, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. पोलीस व सीमाशुल्क खात्यांतील काही कर्मचारी व अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यातील अपिलांचा अंतिम निकाल दिला.

या घटनेचे तात्पर्य स्पष्ट आहे. नाका होता, पहारा होता, वाहने अडविलीही गेली होती. साखळी तुटली ती माणसापाशी. तस्करीच्या मालासाठी जी वाट मोकळी सोडली जाते, त्याच वाटेने उद्या स्फोटकेही येऊ शकतात.

प्रत्येक पेटी उघडता येईल काय?

मग सर्वच माल उघडून का तपासू नये, असा प्रश्न स्वाभाविकपणे मनात येतो. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराने २०२४-२५ या वर्षी सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. ही गणती वीस फुटी कंटेनर हे एकक धरून केली जाते. यांतील प्रत्येक पेटी उघडावयाची ठरविली, तर बंदर ठप्प होईल आणि द्राक्षे धक्क्यावरच नासतील. दहशतवाद्याला जे नुकसान घडवावयाचे आहे, ते आपणच आपल्या हाताने केल्यासारखे होईल. म्हणूनच सरसकट झडतीऐवजी चाळणीची पद्धत स्वीकारण्यात आली आहे.

या चाळणीचे चार थर आहेत. पहिला थर माहितीचा. कोणाचा माल, कोठून आला, कोणासाठी, वजन किती, ही माहिती आगाऊ घेतली जाते आणि संशयास्पद माल तपासणीसाठी वेगळा काढला जातो. दुसरा थर मोहोरेचा. कंटेनरच्या दारावरील सीलला स्वतंत्र क्रमांक असतो व तो कागदपत्रांत नोंदविलेला असतो. दोहोंत तफावत दिसली, तर वाटेत दार उघडले गेले असे समजावे लागते. २०१७ पासून कारखान्यात भरून मोहोरबंद होणाऱ्या निर्यात मालासाठी इलेक्ट्रॉनिक सील लागू करण्यात आले. तिसरा थर क्ष-किरण यंत्रांचा. चौथा थर पारखलेल्या विश्वासाचा. ज्या व्यापाऱ्यांचे हिशेब, गोदामे व सुरक्षाव्यवस्था सीमाशुल्क खात्याने तपासली आहे, त्यांना ‘अधिकृत आर्थिक परिचालक’ असा दर्जा मिळतो आणि त्यांच्या मालाची तपासणी कमी होते. भारतात ही योजना २०११ मध्ये सुरू झाली.

या उपायांना आंतरराष्ट्रीय आधारही आहे. २००१ मध्ये अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यांनंतर जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची संहिता तयार करण्यात आली व ती १ जुलै २००४ पासून अमलात आली. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २००५ मध्ये व्यापाराच्या सुरक्षिततेसाठी समान मानके स्वीकारली.

यंत्राची मर्यादा

यंत्रे आली म्हणजे चिंता मिटली, असे मात्र नाही. २९ ऑक्टोबर २०१० रोजी येमेनमधून शिकागोकडे धाडलेल्या दोन पार्सलांत, छपाईयंत्राच्या शाईच्या डब्यांत दडविलेली स्फोटके सापडली. एक पार्सल इंग्लंडमधील ईस्ट मिडलँड्स विमानतळावर, तर दुसरे दुबईत. इंग्लंडमधील पहिल्या तपासणीत काहीच आढळले नव्हते. सौदी अरेबियाच्या गुप्तवार्ता विभागाकडून आधीच पक्की सूचना मिळाली होती, म्हणून पुन्हा शोध घेण्यात आला आणि अनर्थ टळला. जे यंत्राला दिसले नाही, ते वेळेवर मिळालेल्या वार्तेने उघडकीस आणले.

गावाचा वाटा

ही वार्ता पुष्कळदा गावातच जन्म घेते. दिघी व शेखाडी ही गावेच आहेत. भिवंडी तालुक्यात ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. गोदाम कोणाचे, भाडेकरू कोण आणि आत कोणता माल ठेवला जातो, याची अद्ययावत नोंद ही केवळ करवसुलीची बाब नसून सुरक्षिततेचीही बाब आहे. अमोनियम नायट्रेटसारख्या पदार्थाचा साठा, विक्री व वाहतूक यांसाठी २०१२ च्या नियमांनुसार परवाना लागतो. या विषयाचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. विनापरवाना साठ्याची शंका आल्यास ती वेळीच कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.

किनाऱ्यावरील गावांत अनोळखी नौका, रात्री-अपरात्री उतरविला जाणारा माल; महामार्गालगतच्या गावांत आडवाटेला थांबलेला, सील तुटलेला कंटेनर; अशा गोष्टी आधी गावकऱ्यांच्याच नजरेस पडतात. अशा वेळी मालाला हात लावू नये, स्वतः झडती घेऊ नये, अफवा पसरवू नयेत. वाहनाचा क्रमांक, वेळ व ठिकाण टिपून ११२ या क्रमांकावर, तर सागरी बाब असल्यास १०९३ या क्रमांकावर कळवावे. संशय घ्यावा तो वर्तनावर. कोणाच्या जातीवर, धर्मावर किंवा परप्रांतीय असण्यावर नव्हे. शिक्षकांनी ही जाणीव विद्यार्थ्यांमध्ये रुजविली, तर उद्याचे चालक, गोदामपाल व अधिकारी ती बरोबर घेऊनच कामाला लागतील.

नियम, मोहोरा व यंत्रे ही साखळीची साधने आहेत; तिचे बळ मात्र माणसाच्या सचोटीत आहे. गोंडघर फाट्यावर त्या रात्री कर्तव्य चोख बजावले गेले असते, तर कटाचा माग दोन महिने आधीच लागू शकला असता. एखाद्या नाक्यावर, धक्क्यावर अथवा गोदामाच्या दारात आज उभ्या असलेल्या प्रत्येकाने एवढे स्मरणात ठेवले, तरी पुष्कळ साधेल.