कीर्ती शिलेदार : पदाच्या अलीकडचे वाक्य जपणारी गायिका

२२ जानेवारी २०२२ रोजी कीर्ती शिलेदार यांचे पुण्यात निधन झाले. १६ ऑगस्ट १९५२ चा त्यांचा जन्म. म्हणजे वय ६९. संगीत नाटकावर जीव असणाऱ्यांना त्या दिवशी घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले.

शिलेदारांचे घर

वडील जयराम शिलेदार हे गायक-नट. ‘लोकशाहीर रामजोशी’ या १९४७ च्या चित्रपटात रामजोशी त्यांनीच साकारला. आई जयमाला यांना गोविंदराव टेंबे आणि बालगंधर्व यांचा सहवास लाभला होता. १९४९ मध्ये ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था उभी राहिली. बोलपटामुळे नाटक कंपन्या मोडून पडल्या होत्या, तेव्हा या कुटुंबाने सामान बांधून गावोगाव संगीत नाटके नेली. कीर्ती आणि त्यांची बहीण लता (दीप्ती भोगले) या घरातच घडल्या. शाळकरी वयातच कीर्तीताईंच्या तोंडाला रंग लागला, तो अखेरपर्यंत सुटला नाही.

भूमिका

‘सौभद्र’, ‘स्वयंवर’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’, ‘कान्होपात्रा’ ही जुनी नाटके त्यांनी वर्षानुवर्षे केली. पण त्या केवळ वारसदार नव्हत्या. विद्याधर गोखले यांच्या ‘स्वरसम्राज्ञी’ने त्यांना स्वतःची ओळख दिली, त्या नाटकाचे संगीत त्यांचे गुरू नीळकंठबुवा अभ्यंकर यांचे होते.

पद कसे उभे राहते

संगीत नाटकातले पद म्हणजे मध्येच येणारे गाणे नव्हे. साधे बोलणे जिथे अपुरे पडते, तिथून ते सुरू होते. ‘सौभद्र’मध्ये सुभद्रेचे लग्न बलराम दुर्योधनाशी ठरवतो. तिचे मन अर्जुनाकडे. हा पेच आधी संवादातून प्रेक्षकाच्या मनात उतरावा लागतो. शेवटचे वाक्य येता येता ऑर्गनचा सूर भरू लागतो, आणि नटीला ते वाक्य हळूच त्या सुराजवळ आणून ठेवावे लागते. तिथे खटका बसला, तर सुभद्रा नाहीशी होते आणि उरते ती नुसती गायिका.

पद रंगले की ‘वन्समोअर’ येतो. तो घेऊन पुन्हा त्याच प्रसंगात, त्याच भावात परतायचे. ताना कितीही सुचल्या तरी शब्द चिरडायचा नाही. हे स्वरलिपीत लिहून ठेवता येत नाही. समोर बसून, विंगेत उभे राहूनच शिकावे लागते. कीर्तीताईंना ते आईकडून मिळाले, आणि आईला बालगंधर्वांकडून.

पुणे आणि हा वारसा

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक पुण्यातच रंगमंचावर आले. १९०५ मध्ये याच ‘शाकुंतल’मधून बालगंधर्व नायिका म्हणून उभे राहिले, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत. जयमालाबाईंच्या पिढीने तीच पदे स्त्रीच्या गळ्यातून ऐकवली. जयमालाबाईंना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ८ ऑगस्टला त्या गेल्या. पुढे २०१८ मध्ये मुलुंडच्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद कीर्तीताईंनी भूषवले. आईनेही हा मान आधी भूषवला होता.

आठवण कशी जपायची

कीर्तीताईंची ध्वनिमुद्रणे ऐकावीतच. पण तिथे पद एकटे भेटते. त्याच्या अलीकडचे वाक्य आणि पलीकडचा प्रसंग भेटत नाही. म्हणून पुण्यात भरत नाट्य मंदिरात किंवा बालगंधर्व रंगमंदिरात संगीत नाटकाचा प्रयोग लागला की तिकीट काढावे, घरातल्या मुलांनाही बरोबर न्यावे. पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला राग कळणार नाही, भाषाही जड वाटेल. पण बोलता बोलता सुभद्रा गाऊ लागली, हे त्याला नक्की कळेल. कीर्तीताईंनी आयुष्यभर सांभाळले ते हेच.