थैली एक, नोंदी चार

ऑक्टोबर २०१५. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन गावाच्या टपाल शाखेत ८,००० पौंडांची रोकड-थैली आली होती. ती जमा करून घेण्यासाठी तिथल्या पोस्टमास्तरबाईंनी एंटर दाबले. स्क्रीन हँग झाली होती, म्हणून त्यांनी पुन्हा दाबले, मग आणखी दोनदा. शेवटी हिशेब पाहिला तर तीच थैली चार वेळा जमा झालेली. संगणकाच्या मते ३२,००० पौंड आले होते, हातात मात्र ८,००० होते. उरलेले २४,००० पौंड कुणी घेतलेच नव्हते, कारण ते कधी अस्तित्वातच नव्हते.

या वेळी चूक लक्षात आली. संगणक प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सू कंपनीने मागच्या नोंदी धुंडाळल्या, तेव्हा आधीच्या पाच वर्षांत असे ११२ वेळा घडल्याचे दिसले.

या प्रणालीचे नाव होरायझन. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने ती १९९९पासून देशभरच्या शाखांत बसवली. तिथल्या बहुतेक शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर पगारी नोकर नसतात. किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानात ते टपालाची खिडकी चालवतात, पेन्शन वाटतात, बिले भरून घेतात. त्यांच्या निष्काळजीपणाने वा चुकीने आलेली तूट त्यांनी भरायची, असा करार असे. प्रत्यक्षात कुठलीही तूट त्यांच्याच माथी मारली गेली. कागदी वहीच्या काळात हिशेब जुळला नाही तर एकेक ओळ बोटाने तपासता यायची. होरायझनमध्ये तूट दिसायची, पण ती आली कुठून हे शोधण्याजोगा तपशील शाखेत फारसा नसे. तो फुजित्सूकडे होता.

एकाच थैलीची अनेकदा नोंद होण्यासारखी चूक होते कशी? खिडकीवरचा संगणक व्यवहाराचा संदेश दूरच्या सर्व्हरला पाठवतो आणि पोचपावतीची वाट पाहतो. पोचपावती अडकली, की संदेश पोहोचलाच नाही असे वाटून तो पुन्हा पाठवला जातो. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नाकारायचा, हा अशा प्रणालींचा मूलभूत नियम आहे. डालमेलिंग्टनमध्ये एकाच थैलीची पुनःपुन्हा नोंद होऊ नये, ही खबरदारी तोकडी पडली.

२०१०मध्ये सापडलेला दोष याहून फसवा होता. महिन्याचा हिशेब बंद करताना विशिष्ट क्रमाने बटणे दाबली गेली, तर शाखेच्या स्क्रीनवरची तफावत नाहीशी व्हायची, मध्यवर्ती खात्यात मात्र ती तशीच राहायची. एकाच शाखेची दोन खाती दोन वेगळे आकडे सांगत होती, आणि शाखा चालवणाऱ्याला त्यातले एकच दिसत होते. सुमारे ६० शाखांना त्याचा फटका बसला.

पोस्ट ऑफिसचे म्हणणे एकच होते: होरायझन भक्कम आहे, रोज साठ लाख व्यवहार हाताळते. याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूने पाहू. समजा, दहा लाख व्यवहारांतला एकच चुकतो. कुठल्याही अभियंत्याला अभिमान वाटावा अशी ही अचूकता आहे. तरीही रोज सहा चुका होतील, वर्षाला दोन हजारांहून अधिक. प्रणाली एकंदरीत विश्वासार्ह आहे, एवढ्यावरून समोरच्या शाखेतला हा विशिष्ट आकडा बरोबर आहे असे ठरत नाही. त्यासाठी त्या शाखेच्या, त्या दिवसाच्या नोंदीच उलगडून पाहाव्या लागतात.

तसे फारसे घडले नाही. हेल्पलाइनला फोन केला तर अनेकांना सांगितले जाई, ‘असा त्रास तुम्हालाच होतोय, इतर कुणाची तक्रार नाही.’ हिशेब मान्य केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी खिडकी उघडता येत नसे. मग कुणी पदरचे पैसे भरले, कुणी घर गहाण टाकले. काहींनी रोकड जुळते असे नोंदवून वेळ मारून नेली, आणि तोच ‘खोटा हिशेब’ त्यांच्यावरचा गुन्हा ठरला. हॅम्पशायरच्या जो हॅमिल्टन हेल्पलाइनने सांगितले तसे करत गेल्या आणि २,००० पौंडांची तूट त्यांच्या डोळ्यांदेखत ४,००० झाली. पुढे ती ३६,०००वर गेली.

सरे परगण्यात वेस्ट बायफ्लीटची शाखा चालवणाऱ्या भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांच्यावर ७४,००० पौंडांच्या चोरीचा ठपका आला. नोव्हेंबर २०१०मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या, आणि शिक्षा झाली त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. दोन खात्यांत तफावत पाडणाऱ्या त्या दोषाची माहिती खटला उभा राहण्याच्या काही दिवस आधीच पोस्ट ऑफिसच्या कायदा विभागाकडे आली होती. बचाव पक्षाला ती कुणी दिली नाही.

इंग्लंडमध्ये आरोप करणारे, तपास करणारे आणि खटला चालवणारे पोस्ट ऑफिसच होते. त्यात कायद्याची भर पडली. १९८४च्या एका कायद्यानुसार संगणकाचा पुरावा मांडणाऱ्याला, यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. १९९९च्या कायद्याने ते कलम रद्द झाले. त्यानंतर न्यायालये संगणक बरोबरच आहे असे गृहीत धरू लागली. तो चुकतो हे आरोपीने दाखवायचे. दाखवायला लागणाऱ्या नोंदी मात्र समोरच्या पक्षाकडे. होरायझन शाखाशाखांत पोहोचत होते ते नेमके याच काळात.

२०१५पर्यंत ९००हून अधिक जण दोषी ठरले. वेल्समधली आपली शाखा गमावलेले ॲलन बेट्स यांनी या लोकांना एकत्र आणले. ५५५ जणांच्या दाव्यात डिसेंबर २०१९मध्ये न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी निकाल दिला: होरायझनमध्ये दोष होते, त्यांच्यामुळे शाखांच्या हिशेबात तुटी येऊ शकत होत्या, आणि फुजित्सूचे कर्मचारी दूर बसून शाखेच्या नोंदींत बदल करू शकत होते. एप्रिल २०२१मध्ये अपील न्यायालयाने सीमा मिश्रा आणि जो हॅमिल्टन यांच्यासह ३९ जणांची शिक्षा रद्द केली. बाकीच्यांसाठी मे २०२४मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. या प्रकरणाच्या चौकशी आयोगाच्या जुलै २०२५च्या अहवालानुसार या छळापायी किमान १३ जणांनी आयुष्य संपवले असण्याची शक्यता आहे.

यंत्र नीट चालत होते हे दाखवण्याची जी अट इंग्लंडने काढून टाकली, ती भारतात टिकून आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले गेले का, हा वाद व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला होता. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावेच लागेल. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये संगणक नीट चालत असल्याची अट आहे. प्रमाणपत्रावर तज्ज्ञाची सही लागते आणि नोंदीचे ‘हॅश’ मूल्यही द्यावे लागते.

हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. नंतर एक अक्षर जरी बदलले तरी तो जुळत नाही, त्यामुळे छेडछाड पकडायला तो उत्तम आहे. पण फाइलमध्ये मुळात लिहिलेला आकडा खरा होता का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ज्ञात दोषांची यादी, दुरुस्त्यांच्या नोंदी आणि दुरून कुणी हात लावला का याचा तपशील आरोपीच्या हाती पडावा लागतो. डालमेलिंग्टनच्या त्या हिशेबाचा हॅश काढला असता, तर तोही बिनचूक जुळला असता, थैलीच्या चारही नोंदींसकट.