जुन्या नेमबाजी हवाई रायफलींची दुरुस्ती व जतन

जुन्या नेमबाजी हवाई रायफलींची दुरुस्ती व जतन म्हणजे १० मीटर अंतरावरील स्पर्धांसाठी पूर्वी बनवलेल्या, स्प्रिंग व दट्ट्यावर चालणाऱ्या रायफली त्यांच्या मूळ अचूकतेसह पुन्हा वापरण्याजोग्या करणे व त्याच स्थितीत राखणे होय. अशा रायफलींचे पोलादी भाग अनेक दशके टिकतात. प्लॅस्टिक व रबराचे लहान भाग मात्र न वापरताही जीर्ण होतात. ते वेळेवर न बदलल्यास पोलादी भागांचीच हानी होते. जर्मनीतील फाइनवर्कबाउ कंपनीची ‘३००एस’ ही रायफल याचे प्रातिनिधिक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथील फाइनवर्कबाउ ही कंपनी कार्ल वेस्टिंगर आणि अर्न्स्ट आल्टेनबुर्गर या अभियंत्यांनी स्थापन केली. कंपनीने १९६० च्या दशकात ‘१५०’ आणि त्यानंतर ‘३००’ व ‘३००एस’ या रायफली बाजारात आणल्या. १० मीटर हवाई रायफल या प्रकाराचा ऑलिंपिकमध्ये १९८४ साली लॉस एंजेलिस येथे प्रथम समावेश झाला. या प्रकारातील लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्यामुळे यंत्रणेतील किरकोळ झीजही गुणांवर परिणाम करते.

रचना

बाजूचा दांडा मागे ओढला असता स्प्रिंग दाबली जाते आणि सिलिंडर मागे सरकून नळीचे मागील तोंड उघडे होते. त्यात ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा बसवतात. चाप ओढताच दट्ट्या वेगाने पुढे जातो व त्याने दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. दट्ट्याच्या हालचालीमुळे बसणारा धक्का नेमबाजापर्यंत पोहोचू नये म्हणून नळीसह संपूर्ण यंत्रणा दस्त्यावरील रुळांवर किंचित मागे सरकते. स्प्रिंगा दोन असून त्यांचे वेढे परस्परविरुद्ध दिशेचे असतात. त्यामुळे स्प्रिंग उलगडताना निर्माण होणारा पीळ कमी होतो.

सामान्य बिघाड

‘३००एस’च्या दट्ट्यावर हवा अडवण्यासाठी पोलादी कडी असते व त्याच्या टोकाशी आघात झेलणारा प्लॅस्टिकचा भाग असतो. हा भाग कालांतराने ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो. तसे झाल्यास दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर थेट आदळतो. नळी व सिलिंडर जेथे एकमेकांस भिडतात तेथील सीलही कडक होते व हवा गळू लागते. या सांध्याजवळ पातळ कागदाची पट्टी धरून (बोटे दूर ठेवून) छर्रा झाडल्यास गळतीच्या वेळी पट्टी हलते. आवाज कर्कश होणे आणि छर्ऱ्यांचा वेग प्रत्येक वेळी वेगळा येणे हीदेखील जीर्णतेची लक्षणे आहेत.

दुरुस्ती

रायफल रिकामी असल्याची खात्री करून प्रथम यंत्रणा दस्त्यापासून वेगळी करतात. स्प्रिंग मोकळ्या स्थितीतही काही प्रमाणात दाबलेली असू शकते. म्हणून ती काढण्यासाठी दाबयंत्र वापरणे सुरक्षित ठरते. स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारे पेचकस वापरल्यास खाचा खराब होत नाहीत. सुट्या भागांचा क्रम व दिशा छायाचित्रांत नोंदवली जाते. जुन्या प्लॅस्टिकचे सर्व कण व घट्ट झालेले ग्रीस पुसून काढल्यावर जीर्ण भाग बदलतात. सुस्थितीतील पोलादी कडी सहसा बदलली जात नाही.

वंगण

अतिवंगण हे हानीचे प्रमुख कारण असते. दट्ट्यापुढे खनिज तेल राहिल्यास दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेते. अशा स्फोटाने सील व स्प्रिंग यांना इजा होते. सिलिकॉन तेल पोलादावर पोलाद घासणाऱ्या भागांना पुरेसे संरक्षण देत नाही. म्हणून दट्ट्याच्या घासणाऱ्या पृष्ठांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त ग्रीसचा अत्यंत पातळ थर देतात. सरकत्या रुळांवर थोडे हलके तेल पुरते. रूळ अडखळल्यास धक्का जाणवतो व नेम बिघडतो.

नियमित देखभाल

छर्रा न बसवता चाप ओढल्यास दट्ट्याला हवेचा पुरेसा विरोध मिळत नाही व आघात वाढतो. त्यामुळे रिकामी रायफल चालवू नये. स्प्रिंग दाबलेली रायफल दीर्घकाळ ठेवू नये. छर्रा भरताना बाजूचा दांडा हाताने धरून ठेवणे आवश्यक आहे. खटका अचानक सुटल्यास पुढे येणारा सिलिंडर बोटांना गंभीर इजा करू शकतो. शिशाच्या छर्ऱ्यांनी नळी फारशी झिजत नाही. सफाईसाठी फेल्टच्या गोळ्या किंवा मऊ कापड पुरेसे असते. घामातील क्षारांमुळे पोलाद गंजते, म्हणून वापरानंतर ते किंचित तेलकट कापडाने पुसतात. शिसे विषारी असल्याने हाताळणीनंतर हात धुतात.

मूळ स्वरूपाचे जतन

दस्ता पुन्हा घासून चकचकीत करणे किंवा पोलादावरील निळसर-काळा थर नव्याने चढवणे टाळले जाते. घासण्याने दस्त्याच्या कडा, खुणा व लाकडाची मूळ मापे नाहीशी होतात. जर्मनीत ७.५ ज्यूलच्या मर्यादेतील हवाई शस्त्रांवर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर कोरलेले असते; अशा खुणा रायफलीचा कालखंड ठरवण्यास उपयोगी पडतात. काढलेले मूळ भाग जपून ठेवल्यास पुढील दुरुस्तीसाठी त्यांची मापे उपलब्ध राहतात. दुरुस्तीचे यश सर्वाधिक वेगावरून नव्हे, तर सलग झाडलेल्या छर्ऱ्यांच्या वेगातील समानतेवरून आणि कागदावरील छिद्रांच्या समूहावरून ठरवले जाते.