पायाखालची माती (लेखांक अकरावा) : ४२ मिलिमीटर कधीपासूनचे?

एडोमीटरचा, म्हणजे माती दाबाखाली किती आणि किती वेगाने बसते ते मोजणाऱ्या उपकरणाचा, आलेख कसा वाचायचा ते या आठवड्यात सांगेन, असा शब्द दिला होता. तो आज बाजूला ठेवतो. ठाण्याच्या खाडीलगत राहणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न मला आलेखापेक्षा निकडीचा वाटतो.

त्यांची इमारत चार मजली, राफ्टवर, म्हणजे सगळ्या इमारतीखालच्या एकसंध पायावर, उभी. राफ्टखाली भराव आणि भरावाखाली खाडीचा काळा, चिकट गाळ. तळमजल्याच्या खोलीत गोटी ठेवली की ती कोपऱ्याकडे गडगडत जाते. म्हणून त्यांनी मिस्त्रीला बोलावून पाण्याच्या नळीने बाहेरच्या १२ मीटर लांब भिंतीची पातळी काढली. दर तीन मीटरवर जोत्याची वरची कड पहिल्या टोकापेक्षा किती खाली आहे, ते आकडे असे : ०, ४, ९, २२, ४२ मिलिमीटर. ‘कोपरा चार सेंटिमीटर बसला, धोका आहे का?’ असा त्यांचा प्रश्न.

पाचही आकडे पाठवले, हे फार चांगले केले. बहुतेक पत्रांत फक्त शेवटचा आकडा असतो आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. इमारत सगळीकडून सारखीच ४२ मिलिमीटर बसली असती, तर पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या जोडण्यांपलीकडे कशालाच त्रास झाला नसता. आपल्या आयएस १९०४ मध्ये चिकणमातीवरच्या राफ्टला १०० मिलिमीटरपर्यंत बसायची मुभा आहे. भिंत फुटते ती दोन शेजारच्या बिंदूंमधल्या फरकाने. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड यांनी १९५६ साली ९८ इमारतींची माहिती एकत्र करून जे आकडे काढले, ते आजही सगळे वापरतात : दोन खांबांमधला फरक अंतराच्या १/३०० झाला की भिंतींना तडे दिसू लागतात, १/१५० झाला की सांगाड्याचीच काळजी करावी लागते. बेरम यांनी १९६३ मध्ये, तडा मुळीच नको असेल तर १/५०० च्या आत राहा, असे सुचवले.

आता आपल्या वाचकांची भिंत घेऊ. शेवटच्या तीन मीटरमध्ये फरक २० मिलिमीटर, म्हणजे नेमका १/१५०. छातीत धस्स व्हावे असाच आकडा आहे. पण स्केम्प्टनच्या मोजणीत एक अट आहे : इमारत अख्खीच्या अख्खी कलली असेल, तर तो कल आधी वजा करायचा, कारण कललेली इमारत आतून पिळवटत नाही. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सरळ रेषा ओढली, तर कल १२ मीटरला ४२ मिलिमीटर, म्हणजे दर तीन मीटरला साडेदहा. तो वजा केला की शेवटच्या गाळ्यात साडेनऊ मिलिमीटर उरतात. साधारण १/३१६.

एकाच भिंतीची, त्याच पाच आकड्यांची दोन उत्तरे आली. एक सांगते, सांगाडा तपासा. दुसरे सांगते, गिलाव्याला केसासारखे तडे येतील. या ठिकाणी दोन अनुभवी इंजिनिअरांचे मत वेगळे पडलेले मी पाहिले आहे, आणि दोघांचाही हिशेब बरोबर असतो. निवाडा करायचा तो ओळंब्याने. इमारत खरोखरच १२ मीटरला ४२ मिलिमीटर कलली असेल, तर १२ मीटर उंचीवरून सोडलेला ओळंबाही तळाशी भिंतीपासून तितकाच दूर जायला हवा. तो सरळ उतरला, तर कल नाही, सगळा फरक सांगाड्याने अंगावर घेतला आहे आणि १/१५० हाच खरा आकडा. गिलाव्याची जाडी फसवते, म्हणून चारही कोपऱ्यांवर ओळंबा सोडावा.

त्या आकड्यांचा आकारही पाहा. सरळ रेषेच्या मानाने भिंतीचा मधला भाग १२ मिलिमीटर वर राहिला आहे. भिंतीची कमान झाली आहे, खोलगटपणा आलेला नाही. बर्लंड आणि रॉथ यांनी १९७४ मध्ये दाखवले की विटांच्या भिंतीला ही कमान जास्त महागात पडते. मधला भाग खाली बसला तर ताण तळाशी येतो आणि तिथे पाया भिंतीला धरून ठेवतो. कमान झाली तर ताण माथ्याशी येतो, तिथे धरायला काहीच नसते. अशा वेळी तडा वर रुंद असतो आणि खाली निमुळता होत जातो. वाचकांनी वरच्या मजल्यांवर त्या शेवटच्या गाळ्यात नजर टाकावी.

पण या सगळ्याआधीचा प्रश्न शीर्षकात आहे. ते जोते पहिल्या दिवशी पाणसळीत होते, हे कशावरून?

पिसाच्या मनोऱ्याला मी या लेखमालेत मुद्दाम हात लावला नव्हता, कारण तो सगळ्यांना चित्रातून ठाऊक आहे. आज मात्र त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. काम ११७३ मध्ये सुरू झाले, पाच वर्षांनी थांबले आणि जवळजवळ शंभर वर्षे थांबून राहिले. १२७२ ला पुन्हा सुरू, १२७८ ला पुन्हा बंद, आणि घंटाघर चढले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्या खंडांमध्ये खालच्या चिकणमातीतले पाणी निघून गेले, ती घट्ट झाली. नाहीतर मनोरा बांधतानाच कोसळला असता. प्रत्येक वेळी काम पुन्हा हाती घेताना गवंडी काय करत, तर दगड एका बाजूला पातळ घडवून नवा थर पाणसळीत आणत. म्हणून मनोरा नुसता कललेला नाही, केळ्यासारखा वाकलेला आहे. सातव्या मजल्याच्या माथ्यावरून घंटाघरात जायला उत्तरेकडे चार पायऱ्या आणि दक्षिणेकडे सहा, त्या याच दुरुस्तीच्या.

लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजच्या जॉन बर्लंड यांनी (भिंतीच्या कमानीचे वर आले तेच) याचा जो उपयोग केला, तो मला या विषयातली सगळ्यात देखणी कामगिरी वाटतो. प्रत्येक थर रचला त्या दिवशी आडवा होता असे धरले, तर आज तो जितका कललेला आहे तितका कल त्या दिवसानंतरचा. थर खालून वर तपासत गेले की आठशे वर्षांचा इतिहास हाती येतो. त्यातून दिसले की मनोरा सुरुवातीला किंचित उत्तरेकडे झुकला होता आणि दक्षिणेकडे वळला तो नंतर.

हीच युक्ती चार मजली इमारतीला लागू पडते. प्रत्येक स्लॅब भरला तेव्हा सेंट्रिंग पाणसळीत लावलेले होते. म्हणून वाचकांनी त्याच भिंतीच्या बीमचे तळ प्रत्येक मजल्यावर मोजावेत. सगळ्या मजल्यांवर ४२ च्या आसपास निघाले, तर सगळे बसणे बांधकामानंतरचे. वर जाताना आकडा कमी होत गेला, तर काही भाग बांधताना बसला आणि वरच्या स्लॅबच्या वेळी तो आपोआप सुधारला गेला. लाद्या सगळ्यात शेवटी बसवतात, त्या फक्त राहायला आल्यानंतरचे सांगतात. सेंट्रिंगची चूक सहज पाच-दहा मिलिमीटर असते, म्हणून एका मजल्यावर विसंबू नये.

आणि हे सगळे पुन्हा पुन्हा मोजावे. पिसाला १९११ पासून नियमित मोजणी होत आली, म्हणूनच १९९० नंतर दुखणे नेमके कळले. दक्षिण बाजू खोलवरच्या चिकणमातीत रुतते आहे असा समज होता. आकड्यांनी दाखवले की पाया पहिल्या मजल्याच्या उंचीवरच्या एका बिंदूभोवती फिरतो आहे, उत्तर कड वर उचलली जाते आहे, आणि दोष वरच्या गाळमातीत आहे. दर पावसाळ्यात भूजल वाढे, मनोरा थोडा सरके आणि पूर्ण मागे येत नसे. पुढे उत्तरेच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला, तो या निदानाच्या आधारावर.

ठाण्यात पहिली मोजणी मे महिन्यात घ्यावी, दुसरी सप्टेंबरअखेर, तिसरी पुढच्या मे महिन्यात. दोन्ही मे महिन्यांच्या आकड्यांतला फरक हा खरा बसण्याचा वेग; सप्टेंबरचा आकडा पाण्याचा परिणाम सांगतो. बेंचमार्क म्हणून कंपाउंडची भिंत धरू नका, तीही त्याच भरावावर बसते आहे. जवळचा खडकापर्यंत पाइल नेलेला पूल चालेल. मात्र शेजारी पाइलवरची इमारत असेल तर तिच्याकडे पाहून घाबरू नका. तिथे इमारत जागेवर राहते आणि भोवतालची जमीन उतरते. मेक्सिको सिटीत १९१० च्या स्वातंत्र्यस्तंभाला याच कारणाने पुढे १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या.

ओळंब्याचे आकडे आणि बीमच्या पातळ्या हाती आल्या की वाचकांनी पुन्हा लिहावे. एडोमीटर पुढच्या आठवड्यात, आणि उदाहरणाला खाडीच्या गाळाचाच नमुना घेऊ, म्हणजे उरलेले बसणे अजून किती वर्षे चालेल याचा अंदाज त्यांनाही बांधता येईल.