जुन्या कुऱ्हाडी आणि वांकलेले दांडे

शेतकऱ्याच्या घरांत नांगर, कुळव व पाभर यांची जितकी विचारपूस होते तितकी कुऱ्हाडीची होत नाहीं. पेरणीच्या तोंडावर पाभरीचें चाडें तपासलें जातें, फाळ लोहाराकडे जातो. कुऱ्हाड मात्र गोठ्याच्या कोपऱ्यांत भिंतीला टेकलेली असते, आणि कुंपणाला कांटी तोडावयाची वेळ आली म्हणजेच तिची आठवण होते. त्या वेळीं दांडा वांकडा झालेला आढळला कीं बाजारांतून नवी कुऱ्हाड येते व जुनी भंगारवाल्याच्या कांट्यावर चढते. गेलीं कांहीं वर्षें आम्ही अशा टाकाऊ ठरलेल्या कुऱ्हाडी जमवीत आहों व त्यांचे दांडे नीट करीत आहों. या उद्योगांत जें ध्यानांत आलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली, म्हणून एक गोष्ट प्रथम सांगतों. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमान्वयें कर्जदार शेतकरी असल्यास त्याचीं शेतीचीं अवजारें जप्त करतां येत नाहींत. ज्याच्यावर पोट आहे तें साधन धनकोच्या हुकूमनाम्यानेंहि हिरावलें जाऊं नये, हा त्यांतील आशय. जें हत्यार राखण्यासाठीं कायदा आडवा उभा राहतो, तें केवळ दांडा वांकला म्हणून आपण आपण होऊन किलोच्या भावानें देऊन टाकावें, हें आम्हांस फार विपरीत वाटतें.

लोखंड व लांकूड यांची सांगड कशी घालावी हा प्रश्न आपल्या देशांत फार जुना आहे. संगमनेर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं जोर्वें येथें तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. तेथें १९५०-५१ सालीं उत्खननहि झालें. ती वस्ती सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीची. त्या कुऱ्हाडींना दांडा घालण्याचें भोंक, म्हणजे नेढें, नाहीं. पुढें नागपूरकडे माहुरझरी, टाकळघाट, खापा या ठिकाणच्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या. त्यांतील कांहींवर पातें दांड्याला आवळून धरणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या आहेत. नेढें आल्यावर ही सांगड पक्की झाली. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणींत दांड्यावर ठपका असला तरी दांड्यावांचून लोखंडाचें कांहीं चालत नाहीं, हेंहि तींतच कबूल केलेलें आहे.

येथें एक सूचना करणें अवश्य आहे. नांगरतांना अशी एखादी प्राचीन कुऱ्हाड वर आली तर ती घरांत किंवा कोणाच्या संग्रहांत ठेवूं नये. भूमिगत धनासंबंधीं १८७८ चा जो कायदा आहे त्याप्रमाणें जमिनींत दडलेली व दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें लागतें. आम्ही जमवितों त्या कुऱ्हाडी नांदत्या घरांतून निघालेल्या, आजोबा-पणजोबांच्या हातच्या.

अशी कुऱ्हाड ओळखावी कशी? पूर्वीं गांवचा लोहार सबंध कुऱ्हाड पोलादाची करीत नसे. अंग मऊ लोखंडाचें असे, आणि धारेपुरती पोलादाची पट्टी भट्टींत तापवून घणानें सांधलेली असे. पोलाद महाग म्हणून ही काटकसर. परंतु तींत गुणहि होता. मऊ अंग धक्का सोशी व कठीण धार टिके. हल्लीं पुष्कळ कुऱ्हाडी मोटारीच्या कमानपाट्यांच्या होतात. त्याहि कामाला वाईट नसतात, पण त्यांत हा सांधा नसतो. परीक्षा सोपी आहे. गंज घासून धारेजवळ कानस फिरवावी. कानस घसरली तर तेथें पोलाद असून त्याचें पाणी शाबूत आहे असें समजावें. नेढ्याजवळ तीच कानस लोखंड खाते. स्वच्छ केलेल्या जागीं लिंबाचा रस लावून कांहीं वेळानें धुतला असतां पोलाद काळसर व लोखंड उजळ दिसतें आणि मधला सांधा रेघेसारखा उमटतो. ही रेघ धारेपासून दोन बोटें आंत असेल तर कुऱ्हाडीचें आयुष्य पुष्कळ उरलें आहे. ती धारेशीं येऊन टेकली असेल तर पोलाद सरलें. नवी पट्टी सांधणारा लोहार भेटला तरच ती पुन्हां कामाची.

जुनी कुऱ्हाड घरांतच दोन प्रकारें मारली जाते. पहिला प्रकार असा, कीं नेढ्यांत मोडून राहिलेला खुंट जाळण्यासाठीं ती चुलींत घालतात. पाणी दिलेलें पोलाद पुन्हां तापलें कीं सुमारें २२० ते २३० अंश सेल्सिअसला पिवळसर व ३०० अंशांच्या सुमारास निळें होतें. निळें झालेली धार मऊ पडलेली असते, आणि चुलींतील निखारा तर याच्या कितीतरी वर तापलेला असतो. यासाठीं खुंटाला गिरमिटानें भोंकें पाडावीं व तो छिनीनें ठोकून काढावा. विजेच्या सहाणेवर धार लावतांनाहि पातें वरचेवर पाण्यांत बुडवावें. हाताला चटका बसूं लागला कीं थांबावें.

दुसरा प्रकार याहून सार्वत्रिक आहे. दांडा ढिला झाला कीं कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या डोणींत टाकतात व सकाळीं दांडा घट्ट झाला म्हणून समाधान मानतात. लांकूड फुगतें हें खरें. परंतु चारी बाजूंनीं लोखंड असल्यामुळें त्याला फुगावयास वाव नसतो व त्याचे तंतु आंतल्या आंत चेपतात. वाळल्यावर तें पूर्वींपेक्षांहि बारीक होतें. असें चार वेळां केलें कीं पातें उडून समोरच्या माणसाच्या अंगावर जाण्याची वेळ येते. ढिल्या दांड्याला उपाय सुक्या, कठीण लांकडाच्या पाचरीचा, पाण्याचा नव्हे.

आतां वांकलेल्या दांड्याकडे वळूं. वांकडा दांडा केवळ दिसावयास वाईट असतो असें नाहीं. घाव घालतांना पातें मुठींत किंचित् फिरतें, धार ओंडक्यावर तिरपी पडते आणि कुऱ्हाड निसटून नडगीवर येते. लांकूड वाळतांना लांबींत जवळजवळ मुळींच आटत नाहीं, जाडींत आटतें. आणि दोन्ही बाजू सारख्या वाळल्या नाहींत, किंवा तंतु मुळांतच तिरपे असले, म्हणजे दांडा एका अंगाला ओढला जातो. भिंतीला टेकलेल्या कुऱ्हाडीची एक बाजू ओल पिते व दुसरी उन्हांत तापते. कोपऱ्यांत ठेवलेल्या कुऱ्हाडींचे दांडे वांकतात त्याचें मुख्य कारण हेंच.

दांडा सरळ करण्यापूर्वीं तो त्या योग्यतेचा आहे कीं नाहीं हें पाहावें. चीर गेलेली, भुंगा लागलेला, वांकाच्या जागीं गांठ असलेला, किंवा ज्याचे तंतु दांड्याच्या एका कडेनें शिरून थोड्याच अंतरावर दुसऱ्या कडेनें बाहेर पडतात असा दांडा सरपणांत टाकावा. बाकीचे बहुतेक दांडे सुधारतात. बांबूच्या लाठ्या करणारे कारागीर तेल लावून निखाऱ्यावर शेकीत शेकीत लाठी सरळ करितात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. उष्णतेनें लांकडांतील तंतूंना जोडणारा पदार्थ नरम होतो व थंड झाल्यावर पुन्हां घट्ट होतो, हेंच त्यांतील मर्म. भरीव लांकडाला मात्र कोरड्या शेकापेक्षां वाफ अधिक मानवते.

आमची रीति अशी. दांडा कुऱ्हाडींतून काढून त्यावरील रंग किंवा रोगण खरवडावें. रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी उकळत ठेवून त्यावर वांकाची जागा आडवी धरावी व वरून गोणपाट झांकून वाफ कोंडावी. दर इंच जाडीस सुमारें एक तास, या मानानें दांड्याला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. एका जाड फळीवर तीन ठोकळे अगोदरच मांडून ठेवावे: दोन टोकांखालीं व एक मध्यें वरून दाबण्यासाठीं. दांडा बाहेर काढतांच, तो निवण्याच्या आंत, वांकाचें पोट वर व पाठ खालीं न ठेवतां उलट, म्हणजे फुगीर बाजू वर ठेवून मधल्या ठोकळ्यानें दाबावा व दोरीला पीळ देऊन आवळावा. नुसता सरळ करून भागत नाहीं. दोरी सोडल्यावर दांडा थोडा मागें येतोच. चार सूत वांक असेल तर सरळ रेघेच्या पलीकडे एक सूत न्यावा. मग आठ-दहा दिवस सावलींत तसाच राहूं द्यावा. सोडल्यावर दांड्याचें टोक डोळ्याशीं धरून धारेकडे पाहावें. दांड्याची मधली रेघ व धार एका ओळींत आली म्हणजे काम झालें. शेवटीं जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावे. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकूं नयेत, त्या आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवाव्या.

गेल्या उन्हाळ्यांत शेजारच्या गांवच्या एक वृद्ध बाई मुलाबरोबर आमच्याकडे आल्या. मुलाच्या हातांत कुऱ्हाड होती. आम्ही कुऱ्हाडी घेतों असें त्यानें ऐकलें होतें, व भंगारापेक्षां चार रुपये अधिक मिळाले तर पाहावे असा त्याचा विचार होता. पातें उत्तम होतें; पोलादाची रेघ तीन बोटें आंत. आम्ही किंमत बोलूं लागलों तोंच बाई म्हणाल्या, “लोखंड न्या दादा, पण दांडा माघारी द्या. तो ह्याच्या बापानं सोता तासलाय.” दांडा धावड्याचा, मधोमध दोन बोटें वांकलेला, मुठीच्या जागीं वर्षानुवर्षांच्या हातानें गुळगुळीत खळगा पडला होता. आम्हीं दांडा ठेवून घेतला व किंमतीची गोष्ट तेथेंच थांबविली. दहाव्या दिवशीं दोरी सोडली तेव्हां एक सूत वांक उरला होता. तेवढ्यासाठीं जुन्या लांकडाला पुन्हां वाफ देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. मुठीच्या खळग्याला कानस किंवा कांच लाविली नाहीं. पातें बसवून, पाचर मारून सबंध कुऱ्हाड आम्ही त्यांच्या घरीं पोंचविली. मुलानें दारांतच ती डोळ्याशीं धरून पाहिली व परसांतल्या बाभळीच्या ओंडक्यावर दोन घाव घातले. दोन्ही घाव एकाच खांचेंत पडले. आमच्या वहींत त्या कुऱ्हाडीची नोंद आहे. कुऱ्हाड तिच्या घरीं आहे.

ज्यांना नवा दांडा करावयाचा आहे त्यांनीं करवतीनें कापलेल्या लांकडापेक्षां तंतूंच्या ओळीनें फाडलेलें लांकूड घ्यावें. असा दांडा सहसा वांकत नाहीं. टोकांना मेण किंवा शेण लावून तें सावलींत कांहीं महिने वाळवावें. धावडा, तिवस, खैर, बाभूळ हीं सर्व लांकडें दांड्याच्या कामाचीं. त्यांपैकीं तिवस व खैर हीं झाडें वृक्षतोडीच्या नियमनासाठीं झालेल्या १९६४ च्या महाराष्ट्र कायद्याच्या अनुसूचींत आहेत. तेव्हां तीं स्वतःच्या बांधावरचीं असलीं तरी परवानगीवांचून तोडूं नयेत. बाभूळ बहुतेकांच्या बांधावर असते व ती पुरेशी चिवट आहे.

संग्रह करणारांस आमची विनंति एवढीच, कीं कुऱ्हाड घेतांना तिची हकीकतहि घ्यावी. आम्ही वहींत आठ रकाने पाडले आहेत: गांव, घर, कोणाच्या वेळची, लोहार कोणत्या गांवचा, पात्याचें वजन, नेढ्याचा आकार, दांड्याचें लांकूड व लोहाराचा ठसा. ठसा दिसला तर त्यावर कानस लावूं नये. बलुत्याची चाल मोडून गांवोगांवचे भाते बंद पडले. त्या हातांची कसबी आतां या ठशांतून व सांध्यांतूनच वाचावयाची उरली आहे. संघानें आपल्या कचेरींत अशी एक वही ठेविली व सभासदांनीं कुऱ्हाडी घरींच ठेवून नुसत्या नोंदी पाठविल्या, तरी मोठें काम होईल.

पावसाळा संपतांच कुंपणांचीं कामें निघतात. त्यापूर्वीं प्रत्येकानें आपली कुऱ्हाड कोपऱ्यांतून काढून एकदां डोळ्याशीं धरून पाहावी, आणि काम झाल्यावर ती भिंतीला न टेकतां दोन खुंट्यांवर आडवी ठेवावी.